ईशान्य कोपऱ्यातला सूड

मित्रांनो, मासे आपली कहाणी सांगू लागतात तेव्हा ते बहुतेक कुंडीतल्या मातीखाली गेलेले असतात. मी तसा नाही. मी जिवंत आहे, खाऊनपिऊन सुखी आहे आणि मनात एक राग नीट जपून ठेवलेला आहे. माझी जात क्लाऊन लोच. अंगाचा रंग झेंडूचा, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाशी आखूड मिश्या आणि दोन्ही डोळ्यांखाली एकेक काटा. हा काटा एरवी चाकूसारखा मिटलेला असतो. मुक्काम भिंगार, निसळांचा हॉल, ईशान्य कोपरा.

राग कुणावर आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको. त्या माणसाचं नाव नृसिंह निसळ. एका तंत्रनिकेतनातून रजिस्ट्रार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ दिसायला सात्त्विक आहे, कपाळाला गंध लावतो, मुंगीवर पाय पडला तर 'अरेरे' म्हणतो. त्याने माझे चार भाऊ मारले.

माझा जन्म फार लांबचा, इंडोनेशियातला. तिथल्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि तळाला कुजकी पानं होती. आम्हा लोचांना अरुंद जागेत एकमेकांना चिकटून झोपायला आवडतं. तिथल्या कोळ्यांना हे आमच्या आईबापांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पाण्यात बांबूच्या पोकळ नळ्या सोडल्या. आम्ही 'वा, काय झकास घर!' म्हणत आत शिरलो आणि घरासकट बाहेर आलो. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या, विमान, चेन्नई, पुणे आणि शेवटी टेम्पोतून नगर. शांतवन नावाच्या माणसाच्या मासळीच्या दुकानात, म्हणजे खायच्या नव्हे, बघायच्या मासळीच्या, आम्ही पाचजण एका टाकीत येऊन पडलो.

तिथे आम्हाला निसळांनी पाहिलं. "रंग भगवा आहे. शुभ आहे," ते म्हणाले. "पाचही द्या. पंचमहाभूतं होतील."

शांतवन पिशवी भरता भरता म्हणाला, "पाच घेतले ते बरं केलं सर. एकटा लोच झुरतो. फक्त तीन गोष्टी सांभाळा. यांच्या अंगावर खवलं नसल्यासारखीच, तेव्हा मीठ टाकू नका. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, ते दिवसभर बादलीत मुरू द्या. आणि सगळं पाणी एकदम कधी बदलू नका."

"शांतवन, मी अख्ख्या तंत्रनिकेतनाचा कारभार चालवलाय. एक काचेची पेटी चालवू शकत नाही?"

"पेटी चालेल सर," शांतवन म्हणाला, "मासे चालले पाहिजेत."

मित्रांनो, पहिले काही दिवस आमचे सोन्याचे होते. टाकीच्या तळाशी वाळू होती, शांतवनने फुकट दिलेला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा होता. त्यात आम्ही पाचही जण एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची शेपटी ठेवून झोपायचो. खायला मिळालं की आम्ही तोंडाने 'टक् टक्' असा आवाज काढतो. हॉलमध्ये बसलेली पाहुणेमंडळी विचारायची, "घड्याळ कुठंय हो?" निसळांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणायच्या, "घड्याळ बंद आहे. मासे जेवतायत."

मग संकष्टी आली.

निसळांचा नेम असा, की संकष्टीला उपवासाची खिचडी खाऊन, धोतराचा काचा मारून टाकी धुवायची. अर्धी नव्हे, अख्खी. आम्हाला बादलीत काढायचं, काच घासायची, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा. त्या स्पंजातला तपकिरी गाळ म्हणजे आमचा सफाई विभाग असतो, पाण्यातली घाण तोच पचवतो. तो विभाग गटारात जायचा. मग नळाचं ताजं, पावडरीचा वास येणारं पाणी भरायचं आणि त्यात शुद्धीसाठी मूठभर खडेमीठ. नंतर आम्हाला आत सोडून हात जोडायचे.

पहिल्या भावाने त्याच रात्री जीव सोडला.

"मीठ जास्त झालं असेल," सुनीतीबाई म्हणाल्या.

"अगं, मिठाने कोणी मरत नाही."

"माणसाला बीपी होतो. तो तर त्यातच राहत होता."

 निसळांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं. ते तेज मी पुढे बऱ्याचदा पाहिलं. ते म्हणाले, "सुनीती, घरातला मासा असा अचानक जातो तेव्हा तो घरावरचं संकट घेऊन जातो. आणि हा तर संकष्टीला गेला. म्हणजे काहीतरी मोठं टळलं."

ही समजूत त्यांनी शोधलेली नाही, ती पुष्कळ घरांत आहे. पण इतर लोक ती एकदा बोलतात आणि मासा पुरून मोकळे होतात. निसळांनी तिची तपासणी सुरू केली. कोणतं संकट टळलं, ते हुडकून काढल्याशिवाय त्यांना चैन पडेना. आठवड्याभरात सुनीतीबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या घोट्याचं हाड चिरलं.

"बघितलंस?" निसळ आनंदाने म्हणाले. "कंबर मोडायची, ती घोट्यावर भागली. माशाने घेतलं."

सुनीतीबाईंनी प्लास्टरचा पाय स्टुलावर नीट ठेवला. "मग पूर्ण का नाही घेतलं त्याने? अर्धं माझ्याकडे कशाला ठेवलं?"

पुढच्या संकष्टीला दुसरा भाऊ गेला. त्याच्या नावावर गॅसची गळती जमा झाली, कारण वास वेळेवर आला होता. तिसऱ्याच्या नावावर उसाची ट्रॉली. ती निसळांच्या स्कूटरला घासून गेली होती, फक्त आरसा तुटला. चौथा गेला तेव्हा मात्र संकट काही केल्या सापडेना. निसळ चार दिवस अस्वस्थ होते. शेवटी पेपरात बातमी आली, लांबच्या कुठल्याशा गावात एका इमारतीचा स्लॅब पडला होता.

"त्या गावात आपण एकदा फ्लॅट बघितला होता!"

"आपण नाही," सुनीतीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तुमच्या आतेभावाने."

"रक्ताचं नातं आहे, सुनीती."

मित्रांनो, मी तो पाचवा. चार वेळा माझ्या शेजारची जागा थंड पडली, आणि चारही वेळा काचेपलीकडे एक माणूस समाधानाने मान हलवत होता. राग यावा असा मृत्यू पुष्कळांना येतो. पण मारणाऱ्याने वर आभार मानावेत, हे आमच्याच नशिबी आलं. एकट्याला मी 'टक् टक्' करून पाहिलं. उत्तर आलं नाही. मग मी आवाज करणं सोडलं आणि त्या माणसाकडे बघणं सुरू केलं.

यथावकाश निसळांनी पोस्टाने वास्तुशास्त्राची पदविका मिळवली आणि दारावर पाटी लावली: 'निसळ वास्तू व मत्स्य मार्गदर्शन'. ईशान्येला पोकळी नको म्हणून माझा पाइप काढून टाकला. आता मी फिल्टरच्या मागे, काचेच्या फटीत अंग चोरून झोपायचो. लोक यायचे, चहा प्यायचे, निसळ त्यांना माझ्या चार भावांचं चरित्र सांगायचे. दरवेळी ट्रॉली थोडी मोठी व्हायची.

अशातच मिरजगावचे गोरक्षनाथ आले. हायवेला त्यांचं हॉटेल आहे, शिर्डीला लॉज आहे. माणूस दाराएवढा, पण आवाज रडवेला.

"सर, आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे हायेत. डाक्टर म्हनत्यात, लांबवू नका, पिशवी काढून टाका. तारीख बी दिलीय त्यांनी. पन माजे वडील ऑपरेशनच्या टेबलावरनं उठलेच न्हाईत वो. तवापासून दवाखान्याची पायरी बघितली तरी मी माघारी फिरतो."

मित्रांनो, निसळ हे ऐकून हसले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हसले नाहीत. त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले. त्यांनी गोरक्षनाथांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा स्वतःच्या शास्त्रावर मनापासून विश्वास होता, आणि हीच खरी भानगड होती. लबाड माणूस कुठेतरी थांबतो.

त्यांनी सुपारी आणली, गोरक्षनाथांवरून ओवाळली आणि माझ्या नाकासमोर काचेला टेकवली. "आजपासून हा मासा तुमच्या आईच्या, बनुबाईंच्या नावाने. येत्या संकष्टीला जाईल."

"जाईल म्हंजी?"

"संकट घेऊन जाईल. मग ऑपरेशनची गरजच उरणार नाही. खडे आपोआप विरघळतील."

सुनीतीबाई चहाचे कप उचलत होत्या. त्या थांबल्या. "अहो, डॉक्टरांनी तारीख दिलीय म्हणतायत ते."

"डॉक्टर शरीर बघतात. आपण दिशा बघतो."

अशा रीतीने माझ्या मरणाची तिथी माझ्यादेखत ठरली. मागचे चौघे निष्काळजीपणाने गेले होते. मी पहिला, ज्याच्या मरणाची घरात वाट पाहिली जाणार होती. त्या दिवशी मी ठरवलं. हा माणूस ज्या शास्त्रावर उभा आहे ते मी चार माणसांसमोर याच्या पायाखालून काढून घेणार, आणि त्यासाठी मला काही करून जगायचं होतं.

संकष्टी आली. निसळांनी खिचडी खाल्ली, काचा मारला, खडेमिठाचा नवा पुडा फोडला. नळ सोडला. नळातून हवा आली, थोडं खोकल्यासारखं झालं आणि बंद. मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटली होती, दोन दिवस पाणी नाही.

"गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काढू का?" निसळांनी विचारलं.

"ते प्यायचं आहे. माशाच्या आंघोळीला मी एक तांब्यासुद्धा देणार नाही."

"मग नुसतं मीठ तरी टाकतो."

सुनीतीबाईंनी पुडा त्यांच्या हातातून काढून घेतला. "मला लिंबाचं लोणचं घालायचंय." आणि खरोखरच घातलं. इतकं लोणचं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

माझा जीव फुटक्या पाइपलाइनने आणि लोणच्याने वाचवला. पण ऑपरेशनची तारीख परवावर आली होती. गोरक्षनाथांचा फोन सारखा वाजू लागला. "सर, झालं का?" निसळ खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. माझ्याकडे बघत, ओठ हलवत.

"माशाच्या मरणाची वाट बघताय?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"छे! निरीक्षण करतोय."

"चांगला गुटगुटीत दिसतोय."

"दिसतोय खरा," निसळ खिन्नपणे म्हणाले.

आता आमच्या जातीची एक सवय सांगतो. आम्ही लोच झोपतो ते कुशीवर आडवे होऊन. कधी कधी पार उताणे.  शांतवनच्या दुकानात रोज कोणीतरी ओरडायचं, "अहो, तुमचा मासा मेला!" आणि शांतवन मान वर न करता म्हणायचा, "झोपलाय." निसळांनी मात्र मला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आधी आम्ही पाइपात झोपायचो, नंतर मी फिल्टरच्या मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी निसळ वामकुक्षीला आत गेले. मी फिल्टरच्या मागून बाहेर आलो, टाकीच्या मधोमध, अगदी पुढच्या काचेला लागून वाळूवर आलो, आणि आडवा झालो. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा छताकडे. कल्ला हलवायचा तो मागच्या बाजूचा. हे नाटक नव्हतं, झोपायचीच माझी रीत. मी फक्त जागा बदलली.

सुनीतीबाई चहा ठेवायला जाताना थांबल्या. वाकल्या. त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांनी काचेवर हलकेच नख वाजवलं, आणि मी एक मिशी हलवली. त्या सरळ झाल्या आणि आत निघून गेल्या. चहात साखर जरा जास्तच पडली असावी, कारण आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

निसळ उठून आले आणि दारातच थबकले.

"सुनीती! गेला!"

"अहो, नीट बघितलंत ना?"

"मला शिकवू नकोस. चार बघितलेत मी."

"तेही खरंच."

फोन लागला. "गोरक्षनाथराव, सुटलात! आत्ता, नुकताच. हो, हो. आता कशाचं ऑपरेशन? दवाखान्यात कळवून टाका. पण लगेच या, आईंना घेऊनच या. ज्याच्या नावाने मासा जातो त्याच्या घरच्यांनी तो स्वतःच्या हाताने उचलायचा असतो. मी हात लावणार नाही."

मिरजगावाहून भिंगारला यायला गाडीला चांगला तासाच्या वर वेळ लागतो. तेवढा वेळ मी पडून होतो. निसळांनी उदबत्ती लावली, धूर माझ्या पाण्यावर आला. शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. "किती शांत मुद्रा आहे बघा," ते म्हणाले. आत माझं शेपूट वळवळायला टेकलं होतं. पडल्या पडल्या मी त्या बनुबाईचा विचार करत होतो. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. तिचा मुलगा दवाखान्याला नाही म्हणून मोकळा झाला होता, आणि ते माझ्या झोपेवर. मी जर दिवसभर मेलेला राहिलो असतो तर पुढे खडे न विरघळल्याने निसळांचं शास्त्र मातीत गेलं असतं खरं, पण त्यासोबत कोण गेलं असतं ते उघड होतं. सूड माझा, आणि हिशोब त्या म्हातारीच्या पोटात. हे मला पटलं नाही. दया आली असं समजू नका. मला माझा सूड स्वच्छ हवा होता, त्यात दुसऱ्याचं मरण मिसळलेलं नको होतं. नुसतं मीठ मिसळलं तरी काय होतं ते मी पाहिलं होतं.

ते आले. गोरक्षनाथांच्या हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा मोठा बॉक्स. मागून बनुबाई. हिरवं लुगडं, एक हात कमरेवर, एक पोटावर. ती एकेक पायरी थांबून चढली आणि टाकीसमोरच्या खुर्चीत धप्पकन बसली.

"गुरुजी, ह्यो मेलाय व्हय माज्यासाटी?"

"आपल्यासाठीच, आजी."

"मला इचारलं बी न्हाई कुनी." ती काचेजवळ तोंड आणून बघत राहिली. "पोरगं म्हनतं, पोटाचं दुखनं गेलं. मी म्हनते, मग आता गाडीत खड्ड्यागनिक कोन वरडत हुतं?"

"आये, तू गप बस की," गोरक्षनाथ म्हणाले. "सर, आधी तुमचा सत्कार."

शाल निसळांच्या खांद्यावर चढली. नारळ हातात आला. गोरक्षनाथ म्हणाले, "शिर्डीच्या लॉजात बी अशीच टाकी बसवायची सर, तुमच्या हातानं. प्रत्येक मजल्यावर एक." निसळांनी मान लववली. मी आयुष्यात त्यांना इतकं सुखी पाहिलं नाही.

"आता उचला," ते म्हणाले.

गोरक्षनाथांनी बाही सरकवली, हात पाण्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. "सर, माज्यानं न्हाई हुनार. मेल्यालं जितराब मला हातात धरवत न्हाई."

"अरं, हाटेलात रोज मासं तळतोस की!" बनुबाई म्हणाली.

"ते आचारी तळतो, आये."

सगळे निसळांकडे बघू लागले. नियम त्यांचाच होता, पण शालही त्यांच्याच खांद्यावर होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "आपल्या वतीने मी." त्यांनी नारळ सुनीतीबाईंकडे दिला. सुनीतीबाई एक पाऊल मागे सरकल्या. बाकी कोणी सरकलं नाही.

मित्रांनो, त्या हाताला मी ओळखत होतो. याच हाताने पाइप काढला होता, स्पंज पिळला होता, मूठ उघडली होती. तो माझ्या खाली आला, बोटं वळली, मी तळव्यावर आलो. पाण्याच्या वर काढेपर्यंत मी थांबलो, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. मग डोळ्याखालचे दोन्ही काटे उघडले आणि अंग मुरडलं.

निसळांचा आवाज मुख्य रस्त्यापर्यंत गेला असणार. मी पाण्यात पडलो आणि टाकीत गोल गोल पोहलो, इतक्या जोरात की पाणी काठावरून उसळून शालीवर गेलं. वर आलो, खाली गेलो आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा खणखणीत आवाजात 'टक् टक्' केलं.

 निसळांच्या तळव्यातून रक्ताचा थेंब आला होता. ते म्हणाले, "हे... हे तात्पुरतं चैतन्य आहे."

बनुबाई हसू लागली. आधी खांदे हलले, मग तोंडाला पदर, मग पदराच्या आतून हसू फुटून बाहेर आलं. "तात्पुरतं चैतन्य! गोरख्या, ऐकलंस का? हसवू नका रं मला, कळ येती पोटात..." आणि कळ खरंच आली. तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, कपाळाला घाम फुटला. गोरक्षनाथ तिच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे 'आये, आये' करू लागले.

तिने दात आवळून कळ जाऊ दिली. मग मुलाची कॉलर धरली.

"ह्यांच्या शास्तरानं बघ. मासा मेला तवा संकाट मेलं, व्हय ना गुरुजी? आता मासा उठला. म्हंजी संकाट बी उठलं. आता दवाखान्यात नेतोस का ह्या काचंत बुडवतोस मला?"

गोरक्षनाथांनी निसळांकडे पाहिलं.  निसळांच्याच तराजूने ती म्हातारी तोलून मोकळी झाली होती.

"तुजे वडील मी बी बघितल्यात टेबलावर," बनुबाई हळू म्हणाली. "भ्या मला बी हाय. पन दुखनं माजं हाय ना? चल."

सुनीतीबाई चप्पल घालून तयारच होत्या. "मी येते सोबत. दवाखाना मी बघितलाय, घोट्याच्या वेळी." जाता जाता त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उचलला. "हे तिथे नर्सना उपयोगी पडतील."

ऑपरेशन झालं. बनुबाई टेबलावरून उठली, आणि तिसऱ्या दिवशी डबा बेचव आहे म्हणून भांडलीसुद्धा. निसळांना वाटलं, आता प्रकरण मिटलं. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. त्यांनी पाटी उतरवून कपाटामागे ठेवली. मलाही वाटलं, माझा सूड पूर्ण झाला.

पण मित्रांनो, खरा सूड घेऊन गोरक्षनाथ पुढच्या आठवड्यात आले. या वेळी आवाज रडवेला नव्हता.

"सर, मी लई इचार केला. मासा उठला म्हनून आई दवाखान्यात गेली, आनि आई बी टेबलावरनं उठली. म्हंजी आईचा जीव ह्या माशात हाय. ह्यो जिता हाय तवर आई हाय."

"अहो, असं काही नसतं!" निसळ म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून त्या घराने प्रथमच ऐकलं.

"सुपारी तुमीच लावली ना?"

"लावली, पण..."

"मग? सर, ह्या माशाला काय झालं तर मी तुमास्नी सोडनार न्हाई. रोज व्हिडिओ कॉल करनार. मासा दाखवायचा."

निसळांनी आधारासाठी पत्नीकडे पाहिलं. सुनीतीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. शास्त्रच आहे ते."

त्या दिवसापासून नृसिंह निसळ मासा पाळायला शिकले. सकाळी उठल्याबरोबर दोन बादल्या भरून ठेवतात, पाणी मुरू देतात आणि टाकीतलं थोडंसंच बदलतात. स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळतात. मीठ स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की मोटार बंद पडते, तेव्हा ते स्टुलावर बसून तांब्याने पाणी काढतात आणि उंचावरून पुन्हा ओततात, हवा मिसळावी म्हणून. हात भरून येतो, तरी ओततात. समोर टेकवलेल्या मोबाइलवर गोरक्षनाथ असतात. "काका, जरा वरनं वता." 'सर'चं 'काका' कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. मागून कधी बनुबाईचं तोंड डोकावतं. तिचा यातल्या कशावरच विश्वास नाही. "करू द्या की," ती म्हणते. "रिकामा बसला की मानूस शास्तर काढतो."

एकटा लोच झुरतो हे शांतवनने पुन्हा सांगितलं आणि या वेळी ते ऐकलं गेलं. पाच नवीन पोरं आली, बोटभर लांबीची. पाइपही परत आला, त्याच ईशान्येला. निसळ रोज मोठ्याने मोजतात. एकदा एक पोरगं फिल्टरमागे अडकलं आणि मोजणी चुकली, तेव्हा त्यांनी लग्नाला जायच्या झब्ब्यासकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.  भीतीनेच, दुसरं काही नाही. पण पाण्याला ते कळत नाही. पाण्याला फक्त ते मुरलेलं आहे की नाही एवढंच कळतं.

मागे गोरक्षनाथांनी शांतवनला विचारलं, "हे मासं जगत्यात किती?"

"नीट ठेवले तर वीस-पंचवीस वर्षं."

"म्हंजी आई शंभरी गाठती!" गोरक्षनाथ खूश झाले. निसळ मात्र खुर्चीत बसून मनातल्या मनात स्वतःच्या वयात ती वर्षं मिळवत होते. मी काचेजवळ जाऊन ती बेरीज होताना पाहिली.

आता तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. मासा घरी आणायचा तर त्याला त्याच्या माणसांसकट आणा, लपायला जागा द्या आणि पाणी शिळं करून घाला. तुमची संकटं तुमच्याजवळ ठेवा. ती उचलायला आम्हाला हात नाहीत. आणि हे जमणार नसेल तर त्या कोपऱ्यात फुलदाणी ठेवा.

परवा सुनीतीबाईंनी नवऱ्याला विचारलं, "त्या चौघांचं काय हो?"

तांब्या हवेत थांबला. "त्या वेळी मला माहीत नव्हतं," निसळ म्हणाले.

"शांतवनने सांगितलं होतं."

 ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग पाणी ओतू लागले, नेहमीपेक्षा हळू. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं आहे, हे मला अलीकडे दिसतं. मी ते देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. मला घाई नाही. घाई असलीच तर ती त्यांना आहे.